फाट्याची मोजणी

पायी चालणारं माणूस सरकारच्या मोजणीत धरत न्हाईत, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. कळलं आन माजं डोकं जे फिरलं, ते पंधरा दिस ठिकाणावर आलंच न्हाई.

आमची वाडी पठारावर. खाली वडगावकडं जाणारी मुंबई-पुण्याची सडक. बाजाराच्या दिशी आमी बाया डोईवर तांदळाच्या पाट्या घिऊन उतरण उतरलो, तर सडकंच्या कडंला करंजाखाली एक कारकून खुर्ची टाकून बसलेला. महिपती त्येचं नाव. मोटारी वाढल्यात, सडक रुंद करायची, भराव घालून उचलायची, म्हून कोन कुटनं सडकंला लागतं ते तो लिवत व्हता.

"मावशी, या अंगाला दगडी कठडा येणार," तो म्हनला. "खाली खोल चर. जिथून गाड्या उतरतात तिथं फाटा काढायचा, चरावर मोरी बांधायची. बाकीच्या वाटा बंद."

"आन आमी कुटनं जायाचं?"

"पायी माणूस काय, कुठूनही जातं."

"जातं न्हाई रं बाबा, मरतं!" म्या वराडले.

त्येनं बिचाऱ्यानं कागूद फिरवून दावला. बैलगाडी, टांगा, मोटार. डोईवरच्या पाटीला खानंच न्हाई. "नियम माझा नाही, मावशी," तो हळूच बोलला. "तीन बाजार मोजायचेत. हा पहिला. तुमच्याकडून चाक उतरलं तर मी लिहीन, शपथेवर सांगतो."

चाक उतरंल कसं? गाड्या व्हत्या वाडीत, पन शेणखत वडायला, शेतातल्या शेतात. उतरणीला नुसतं धोंडं. वाट न्हाई म्हून गाडी न्हाई, आन गाडी न्हाई म्हून वाट न्हाई. लगीन झाल्याबिगर याड जाईना, आन याड गेल्याबिगर लगीन व्हईना, तसली गत.

मला कठड्याचा येवढा राग का, ते सांगते. माजी सून मुक्ता. ल्योक हौशीराम लोणावळ्याला रेल्वेत, घरी आमी दोगीच. आदल्या साली ती आडली, तवा झोळीत घालून तळेगावच्या दवाखान्याला न्यायला काडली. निम्म्या उतरणीला झोळी धरनाऱ्याचा पाय धोंड्यावरनं सटाकला. पोर तितंच झालं, आन रडलं न्हाई. म्या पदरात धरून हालवलं, पाठ चोळली. न्हाई रडलं. तवापासनं मुक्तानं त्या उतरणीकडं तोंड सुदीक केलं न्हवतं. आन आता तिला सातवा लागलेला. वाटच बंद झाली तर झोळी बी कुटनं न्यायची? ह्या बारीला मुक्ता गाडीतनं उतरंल, झोळीतनं न्हाई, आसं म्या मनात घट धरलं.

सांजच्याला मारुतीच्या देवळाम्होरं समद्यांना गोळा केलं. माजा दीर दत्तोबा म्हनला, "वैनी, भात कापाय आलंय आन तुमचं काय हे? गाडीला काय पंख फुटत्यात?"

"पंख न्हाईत, पर खांदं हायती की तुमास्नी," म्या म्हनले. "चाकं काडा, जू सोडा, फळ्यांचा साटा उचला. उतरणीखाली परत जोडा. मोजनाऱ्याला चाक दिसलं मंजी झालं."

समदे हासले. म्या हासले न्हाई. म्हनले, "मागल्या साली झोळी कुनी धरली व्हती, ते म्या आजपातूर कुनाला इचारलं न्हाई. आज बी इचारत न्हाई. पर गाडी धरा."

मंग कोनी हासलं न्हाई.

दुसऱ्या बाजाराला तीन गाड्या आशा खांद्यावरनं उतरवल्या. म्होरं बैलं, मागं चाकं डोईवर घेतलेलं बापे, साट्याखाली आमी बाया. खाली खिळी ठोकल्या, बैलं जुपली आन थाटात सडकंवर काडल्या. महिपती उभाच ऱ्हायला.

"मावशी, या गाड्या..."

"चाकं हायती का न्हाई?"

"आहेत."

"मंग वड रेघ."

त्येनं वडली. हासू दाबून वडली, पर वडली.

परत वर न्हेताना मातर जीव गेला. खांदं सोलपाटले. निम्म्या वाटंवर दत्तोबानं साटा आपटला आन मोठ्या धोंड्यावर बसला. "आता म्या ही गाडी उचलनार न्हाई. मेलो तरी न्हाई. त्यापरीस हा धोंडाच फोडतो."

"फोडा की मंग! कुनी धरलंय?" म्या म्हनले.

तो आठवडाभर उतरणीला धोंडं तडतडतच ऱ्हायलं. सकाळी भात कापायचं, दुपारी पहार घ्यायची. धोंड्यावर जाळ करायचा, वरनं पानी वतायचं, तडकला का पहारीनं ढकलायचा. आमी बाया मुरूम वाहायचो. मुक्ता घरातनं भाकऱ्या धाडायची, पर दाराच्या भाईर यायची न्हाई.

तिसऱ्या बाजाराला महिपतीजवळ सडकंच्या कामावरचा मोठा वरसेरसायेब उभा. कुनीतरी कागाळी केलेली, का ह्ये लोक गाड्या खांद्यावर आनत्यात. म्या पयलीच खाली जाऊन उभी ऱ्हायले. वरनं पयली गाडी आली. मागं लाकडाचा ओंडका बांधलेला, म्हून सावकाश, पर आपल्या चाकावर आली. दुसरी आली. सायेबानं टोपी मागं सारली, चार पावलं वर चढून वाट बगितली, आन गाडीत डोकावला.

"बाई, गाडी रिकामी आहे."

"पयल्यांदा उतरतीया सायेब, म्हून भार घातला न्हाई."

"मग ही वाहतूक नाही. नुसता देखावा आहे. रिकाम्या गाड्या धरायच्या नाहीत, महिपती. मागच्याही खोडा."

म्या महिपतीच्या कागदावर आडवा हात ठिवला.

तवर वर ओंडका घासल्याचा आवाज झाला. दत्तोबाची गाडी. आन गाडीत, वाळल्या पाल्याच्या चगाळावर गोधडी टाकून, दोनी हातांनी साट्याची कड धरून मुक्ता!

"भावजी! अक्कल शेण खायाला गेली का तुमची?" म्या बोंबलले. "उतरवा तिला!"

दत्तोबा वरनंच वराडला, "म्या न्हाई बसवली! ती आपनच चढली. उतरंना!"

निम्म्या उतरणीला चाक कलंडलं. म्या डोळं मिटलं. उघडलं तवा गाडी पुढं सरकलेली आन मुक्ता तशीच ताठ. तोंड पांढरंफक, पर डोळं उघडं. वाटंकडंच बघत व्हती.

गाडी सायेबाम्होरं थांबली. सायेब गडबडला. "यात काय आहे?"

"म्या हाय," मुक्ता म्हनली. माणसांत मान वर न करनारी माजी सून, खडखडीत बोलली. "मागल्या साली झोळीतनं आनली मला. पोर वरच गेलं, त्या वळनावर. ह्या बारीला म्या गाडीतनं जानार हाय. वाट नीट हाय का, ते बगाय आले. आता मोजायचं तर मोजा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

सायेबानं वरच्या वळनाकडं बगितलं, मंग महिपतीच्या हातनं पेन्सिल घेतली.

"खोडू नका," तो म्हनला. "मागच्या ठेवा, आजच्या लिहा. नकाशात इथं फाटा दाखवा. मोरी गाडीच्या रुंदीची."

म्या मुक्ताजवळ गेले. रागं भरायचं मनात व्हतं. पर नुसती तिचा हात धरून रडले. ती म्हनली, "आत्याबाई, हितं काय रडताय? चला, बाजार उठंल."

पूस म्हयन्यात, पहाटंचं, तिला गाडीतनंच न्हेली. पोरगी झाली. दवाखान्याच्या भाईर बसले व्हते, तितवर रडं ऐकू आलं. किती रडली म्हून सांगू! म्या म्हनले, रड बाई, रड, थांबू नगं.

सरकारची मोरी पुढली दिवाळी झाल्यावर आली. तवा पोर रांगत व्हती. गवंड्यानं भिजवलेल्या चुन्यात मेलीनं दोनी हात घातलं. म्या पाठीत असा धपाटा घातला, का समदी सडक ऐकंल येवढं भोकाड पसरलं तिनं. मुक्ता धावत आली आन माज्यावरच खेकसली.