खुंट्या घट्टच होत्या

"घड्याळं काढून ठेवा. मोबाइल बंद. श्वाससुद्धा जरा बेतानं घ्या."

एवढं ऐकून अठरा शहाणीसुरती माणसं खरोखर श्वास आवरून बसली. पायाखाली जाड गालिचा, भिंतींना फोमच्या गाद्या, आणि समोर काळ्या दगडी फळीवर दोन पॉवर अॅम्प्लिफायर. एक साधा, पत्र्याच्या डब्यासारखा. दुसरा उचलायला दोन माणसं लागतील असा, अंगभर चांदीच्या रंगाची पाती आणि कपाळावर निळा दिवा. या दुकानाच्या मालकाला हल्ली कोणी दुकानदार म्हणत नसे, नादगुरू म्हणत. त्याच्या हातात एक लाकडी डबी होती आणि डबीवर एक खटका; तो दाबला की एक अॅम्प्लिफायर थांबून दुसरा लागायचा.

"आधी साधा," नादगुरू म्हणाला. स्पीकरमधून एक गायिका गाऊ लागली. बरी गात होती. "आणि आता..." त्यानं डोळे मिटले, खटका दाबला. खट्!

"आई गं!" पुढच्या खुर्चीतून कोणीतरी म्हणालं. एका दंतवैद्यानं तर चष्मा काढून डोळे पुसले.

"हा अॅम्प्लिफायर आवाज वाढवत नाही, आवाजाला मोकळं करतो," नादगुरूनं कान फुंकायला सुरुवात केली. "चारशे तास चालवला की आतल्या विजेला वळण लागतं. मग सूर स्वतःहून बाहेर येतो. अर्थात, ज्याचे कान शुद्ध त्यालाच हे कळतं. ज्यांना फरक कळला नाही त्यांनी लाजू नका, खुशाल हात वर करा."

आता कोण करणार हात वर! अठरा जणांत उभं राहून 'माझे कान अशुद्ध आहेत' असं सांगायची हौस कोणाला असते? सगळ्यांचे हात मांडीवरच राहिले.

"कानसेन, तुम्ही सांगा," नादगुरू म्हणाला.

कानसेन म्हणजे शहरातल्या घराघरांतले पियानो छत्तीस वर्षं सुरात लावणारे गृहस्थ. खरं नाव त्यांच्या दारावरच्या पाटीलाच ठाऊक. हातात यंत्र घेऊन सूर लावणाऱ्या नव्या पोरांना ते फिटर म्हणत. ते उभे राहिले. "पडदा सरकल्यासारखं झालं," ते म्हणाले. "वरचे सूर परत आले हो."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं ऐकू आलं होतं.

शेजारच्या खुर्चीत बाई बसल्या होत्या. घरी पियानो शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. "तुम्ही म्हणताय म्हणजे झालं," त्या म्हणाल्या. "मी हाच घेते. शनिवारी पियानो जातोय, त्याच्या जागी हा बसेल."

पियानो जात होता तोही कानसेनांच्याच शब्दावर. गेली दोन वर्षं ते सूर लावून गेले की बाई म्हणत, "वरचे सूर कानाला बोचतात हो." कानसेन पुन्हा लावत, पुन्हा बोचत. शेवटी त्यांनी निकाल दिला होता, "बाई, खुंट्या सैल झाल्यात. तार धरत नाहीत. वय झालं त्याचं." बाईंनी शिकवणी बंद केली आणि ठरवलं, वाजवणं संपलं, आता निदान चांगलं ऐकत तरी बसू.

घरी येऊन कानसेनांनी ओव्हनमध्ये पाव ठेवला, आणि थोड्या वेळानं त्यांची भाची कामावरून आली. ती इस्पितळात लोकांचे कान तपासायची आणि मामाकडेच राहायची. स्वयंपाकघरात पाव जळाल्याचा वास भरला होता.

"मामा, ओव्हन कधीचा शिट्टी मारतोय! मी जिन्यात होते, मला तिथं ऐकू आला."

"बिघडलाय तो," कानसेन म्हणाले.

"फोनही बिघडलाय, दारावरची घंटाही बिघडलीय. मामा, एकदा माझ्याकडे येऊन कान तपासून घे ना. दहा मिनिटांचं काम."

"माझे कान? तू तपासणार?" कानसेन एवढे चिडले की त्यांच्या हातातला पाव खाली पडला. "अगं, लोक मला विचारून वस्तू घेतात! आज बाईंनी अॅम्प्लिफायर घेतला तो माझ्या कानांवर!" मग त्यांनी तिला खटक्याची सगळी कथा ऐकवली.

भाचीनं कथा शांतपणे ऐकली. "बरं," ती म्हणाली, "मग तो चमत्कार मलाही दाखव."

शुक्रवारी दुपारी पुन्हा दरबार भरला. खट् झालं, गायिका मोकळी झाली, आणि भाची मोकळेपणानं म्हणाली, "फरक आहे, मलाही कळला." नादगुरू प्रसन्न झाला. कानसेनांची छाती फुगली. तेवढ्यात तिनं पिशवीतून आवाज मोजायचं यंत्र काढलं आणि बाईंच्या खुर्चीवर ठेवलं. "आता गाण्याऐवजी नुसता एकसारखा आवाज लावा. रेडिओची खरखर असते ना, तसा."

"अहो ताई, नाद काय मोजायचा असतो?" नादगुरू हसला. "आईची माया फूटपट्टीनं मोजाल का?"

"आईला मी विकत घेत नाहीये," बाई म्हणाल्या. "लावा."

साध्यावर आकडा आला बहात्तर. भारीवर चौऱ्याहत्तर. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

"दोन डेसिबल," भाची म्हणाली. "भारी वाजतो तेव्हा आवाज किंचित मोठा असतो. आता दोन्ही सारखे करून ऐकू." तिनं साध्याचा आवाज चौऱ्याहत्तरवर आणून ठेवला, दोन्ही अॅम्प्लिफायरवर चादर टाकली आणि डबी पाठीमागे धरली. नादगुरू म्हणाला, अशानं विजेचं वळण बिघडतं. दंतवैद्य म्हणाले, बिघडू द्या.

गाणं लागलं. खट्. "मामा, कोणता?"

"साधा," कानसेन ठासून म्हणाले.

"आणि आता?"

"भारी! हे बघ, सरकला पडदा."

भाचीचा चेहरा उतरला. "मामा, मी खटका दाबलाच नाही. मगाचाच वाजतोय."

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग प्रत्येकानं बारा वेळा ऐकून कागदावर लिहिलं. दंतवैद्यांचे सात बरोबर आले, बाईंचे सहा, एकीचे चार. नाणं उडवून लिहिलं असतं तरी एवढेच आले असते. नादगुरूला आग्रह केला तर तो म्हणाला, आज मला सर्दी आहे.

भाचीनं डबी उलटी केली. तळाला आवाज कमी-जास्त करणारे दोन बारीक स्क्रू होते. एक पूर्ण उघडा, दुसरा जरासा आवळलेला. आवळलेला साध्याचा. तिनं साध्याचा वाढवलेला आवाज पुन्हा पहिल्यासारखा केला आणि तो स्क्रू सैल करताच दोन्हीकडे आकडा सारखा आला. चमत्कार एवढाच होता.

"आवाज थोडासाच मोठा झाला तर कानाला तो मोठा वाटत नाही, स्वच्छ वाटतो, खोल वाटतो," ती म्हणाली. "तुमची चूक नाही. सगळ्यांचेच कान असे असतात."

नादगुरू आता हातघाईवर आला. "पण यांना विचारा ना! वरचे सूर परत आले म्हणाले हे. का कानसेनांचे कानच गेलेत?"

"तोंड सांभाळा!" बाई कडाडल्या. "छत्तीस वर्षांत हा माणूस कधी चुकला नाही. माझा पियानो गेला हेसुद्धा यांनीच ओळखलं."

कानसेन आपलेच शब्द आठवू लागले. परत आले, असं ते म्हणाले होते. परत आले म्हणजे आधी गेले होते. कुठे गेले होते? दोन डेसिबलनं जे थोडंसं परत आलं, ते एरवी रोज कुठे असतं? भाची त्यांच्याकडे बघत होती. पण कानसेनांनी मूग गिळले. भल्या माणसाची गोष्ट सांगतोय म्हणून हे लपवत नाही. त्या दिवशी ते भित्र्यासारखे घरी गेले.

शनिवारी सकाळी पियानो न्यायला हमाल आले, तेव्हा कानसेन बाईंच्या दारात आधीच उभे होते. सोबत भाची, हातात सूर लावायची किल्ली. ते आत गेले, पियानोचं झाकण उघडलं आणि उजवीकडची शेवटची पट्टी दाबली. त्यांना फक्त लाकडाचा आवाज आला. टक्.

"बाई, सूर वाजला?"

"वाजला की," बाई चकित होऊन म्हणाल्या. "जरा चढलेला आहे. बोचतोय."

कानसेनांनी पहिल्या खुंटीला किल्ली लावून रेटून पाहिली. खुंटी दातासारखी घट्ट होती. दुसरीही. तिसरीही. दोन वर्षांपूर्वी त्यांनी एवढंच करून पाहिलं असतं तर!

"खुंट्या घट्ट आहेत," ते म्हणाले. "पियानो ठणठणीत आहे. मला ऐकू येत नाही, बाई. दोन वर्षं मी तुमचा पियानो बिघडवत होतो आणि खापर त्याच्यावर फोडत होतो."

बाई स्टुलावर बसल्या. रागावल्या, रडल्या, दोन्ही केलं. "मला बोचत होतं ना!" त्या म्हणाल्या. "माझे कान सांगत होते, आणि मी तुमचे ऐकत बसले. शिकवणी सोडली हो मी." मग डोळे पुसून बाईंनी हमालांना परत पाठवलं.

तर लोकहो, सांगणं एवढंच. खटका कोणाच्याही हातात असो, गुरूच्या किंवा कानसेनाच्या, चादर टाकून ऐका आणि मोजता येतं ते मोजा. स्वतःला बोचलं तर बोचलं म्हणा, कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. न कळण्यात लाज नसते. सगळ्यांचे हात मांडीवर राहिले म्हणूनच तर नादगुरूचं दुकान चाललं.

"तुम्ही ऐका, मी फिरवतो," कानसेन म्हणाले. भाचीनं सूर दाखवणारं यंत्र पियानोवर ठेवलं. कानसेनांनी किल्लीनं खुंटी केसभर ढिली केली, बाईंनी पट्टी दाबली. यंत्रावरचा काटा बरोबर मध्ये येऊन थांबला, आणि बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण निवळला.

"हा खरा!" त्या म्हणाल्या. मग सवयीनं त्यांच्याकडे वळून विचारून गेल्या, "कळला ना फरक?"

कानसेनांनी किल्ली खाली ठेवली आणि शाळेतल्या मुलासारखा हात वर केला.

"नाही कळला," ते म्हणाले.