आतून पुसलेली गाडी

शेडवाल्याचा फोन आला तेव्हा धाकटी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी होती.

"महिनाअखेरीस शेड पाडताहेत. तुमच्या वडिलांची गाडी तेवढी हलवा."

"नंबर चुकलाय तुमचा," ती म्हणाली. "आमच्या बाबांकडे सायकल आहे."

शेडवाल्याने नाव वाचलं, पत्ता वाचला. काहीच चुकलं नव्हतं.

बाबांनी जन्मभर पंपांच्या जळालेल्या मोटरींना तांब्याची तार गुंडाळली. चार महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एकच शब्द उरला, 'हो'. पाणी हवं? हो. नको? हो. डॉक्टर म्हणाले होते, "त्यांना कळतं बरंच. पण तोंडातून काय निघेल, ते त्यांच्या हातात नाही." मानसुद्धा त्या शब्दाबरोबरच हलायची.

दुसऱ्या दिवशी ती शेडवर गेली. ताडपत्री ओढली तशी धुळीची लाट अंगावर आली. जुनी, बुटकी, गोल दिव्यांची गाडी. मूळचा रंग हिरवा असावा. तिने दार उघडलं आणि चक्रावलीच. आत कण नाही धुळीचा! काच आतून लख्ख, सीटवर घडी घातलेलं फडकं.

"एकतीस वर्षं झाली," शेडवाला म्हणाला. "दर रविवारी यायचे. आतून पुसायचे, तासभर बसायचे, जायचे. बाहेरून हात लावायचे नाहीत. म्हणायचे, चकाकली की लोक विचारतील."

"कुठे नेली नाही कधी?"

"चालू केलेलीसुद्धा मी पाहिली नाही."

रविवारी बाबा कामाला जातात असं आई मरेपर्यंत समजत होती.

दूरच्या शहरातल्या दादाला तिने फोन केला. "विकून टाक," तो म्हणाला. "ठेवणार कुठे, डोक्यावर?"

"बाबांना न विचारता?"

"मग विचार की."

"काय विचारू, दादा?"

मग तो म्हणाला, "तूच बघ आता."

संध्याकाळी तिने बाबांना फोटो दाखवला. त्यांचे डोळे भरून आले. "विकू का?" हो. "ठेवू का?" हो. तिने दोन कागदांवर मोठ्या अक्षरांत 'विक' आणि 'ठेव' लिहून समोर धरलं. बाबांनी डाव्या हाताने दोन्ही कागद घेतले, एकावर एक ठेवले आणि छातीशी धरले.

तीन आठवडे ती जागा शोधत फिरली. कुणी दिली नाही. शेवटी जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ आले. बाहेरची धूळ पुसायला तिने फडकं उचललं तसे ते ओरडलेच, "अहो, पुसू नका! नवा रंग कितीही वेळा देता येतो. हा पहिला आहे." ते गाडीभोवती देवळात फिरावं तसे फिरले. माणूस लबाड असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. नाही म्हणता आलं असतं.

"मी आहे तशीच ठेवीन," ते म्हणाले. "पण मालक राजी आहेत ना? मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

म्हणून व्हीलचेअरवरून बाबांना शेडवर आणलं. दोघांनी उचलून त्यांना स्टिअरिंगमागे बसवलं. बाबांनी डावा हात चाकावर ठेवला, आणि बोलायला लागले. हो, हो हो, हो... कधी हळू, कधी हसून, मध्येच थांबून काहीतरी आठवल्यासारखं. एक अख्खी गोष्ट सांगून झाली. धाकटी खिडकीशी वाकून ऐकत होती आणि तिला एक अक्षर कळलं नाही.

गृहस्थांनी घसा खाकरला. "आजोबा, गाडी मला देताय ना?"

"हो," बाबा म्हणाले.

"ऐकलंत ना," शेडवाला म्हणाला. त्याला उद्या शेड रिकामी हवी होती.

धाकटीच्या ओठांवर आलं होतं, की त्यांना दुसरं काही म्हणताच येत नाही. पण तिनेच बाबांचा अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर टेकवला. बाहेर काढताना ते चाक सोडेनात. एकेक बोट तिने सोडवलं. लहानपणी रस्ता ओलांडताना तिचा हात गच्च धरायची, तीच बोटं.

गाडी ट्रकवर चढेपर्यंत बाबा बघत राहिले. नंतर भिंतीकडे बघायला लागले.

पंधरा दिवसांनी गृहस्थांचा फोन आला. "गाडी छान आहे. शेजारी पाटी लावायचीय. वडिलांविषयी दोन ओळी लिहून द्याल? काय करायचे, आणि गाडी का घेतली."

धाकटीने बाबांच्या पलंगाशी बसून पहिली ओळ लिहिली: पंपांच्या मोटरी दुरुस्त करत असत. मग तिने बाबांकडे पाहिलं. तेही तिच्याकडेच पाहत होते, ती काय लिहितेय याची वाट बघत.

तिने एकच ओळ पाठवली.