विसीच्या घरातलं कपाट

स्पेनमधल्या कादिस शहरात ‘ला विन्या’ नावाची आळी आहे, त्या सगळ्या आळीत विसीची जीभ प्रसिद्ध होती. आळीतल्या निम्म्या माणसांची टोपणनावं तिनंच ठेवलेली. मासळीवाला ‘पाद्री’, कारण वजन करताना तो डोळे मिटून घ्यायचा. औषधाच्या दुकानातली बाई ‘विधवा’, आणि तिचा नवरा तर चांगला धडधाकट होता. कादिसमध्ये टोपणनाव नसलेला माणूस म्हणजे बाप्तिस्मा न झालेलं पोर. पथ्य एकच पाळायचं: ज्याचं नाव त्याच्या तोंडावर घ्यायचं नाही.

जानेवारीत भाषाशाळेनं तिच्याकडे मारेनला राहायला पाठवलं. अमेरिकेतल्या नेब्रास्काची वीस वर्षांची मुलगी, चार महिने स्पॅनिश शिकायला आलेली. सहा फूट उंच, खांदे रुंद, अंगात तपकिरी कोट. दारातून आत येताना ती वाकली आणि तरी तिचं डोकं आपटलंच. त्याच संध्याकाळी विसीनं धाकट्या बहिणीला, पुराला, फोन लावला. “पुरा, अगं शाळेनं मुलगी नाही, कपाट पाठवलंय!” आठवड्याच्या आत भाजीवाला विचारू लागला, “काय विसी, कपाटाला कोबी चालतो का?”

मारेनला विसीनं उपाशी ठेवलं असं कुणी म्हणणार नाही. सर्दी झाली तर रात्री उशाशी लसणाचं सूप, थंडी पडली तर पायाशी जास्तीची गोधडी. मारेनशी ती हळू बोलायची, एकेक शब्द सुटा करून आणि जरा ओरडूनच, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. “मारेन. तू. अजून. डाळ. घे.” पुराशी बोलताना मात्र ती कादिसची बाई व्हायची. दुपारी जेवणं झाली की फोन ओट्यावर उघडा ठेवायचा, आवाज मोठा करायचा आणि भांडी घासता घासता अर्धे शब्द गिळत सुसाट सुटायचं. मारेन तिथंच टेबलाशी वही उघडून बसलेली असायची. अकरा वर्षांत विसीच्या घरी कितीतरी विद्यार्थी राहून गेले होते, पण हे बोलणं एकालाही कधी कळलं नव्हतं. भिंतीला कान असतात हे विसीला ठाऊक होतं, कपाटाचं तिच्या ध्यानात आलं नाही.

मार्चमध्ये मारेनला तिच्या प्रियकरानं फोनवरूनच सोडलं. पोर तीन दिवस न्हाणीघरात जाऊन रडली. विसीनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला, पुढ्यात मसुराचं ताट ठेवलं, आणि तासाभरानं पुराला सांगितलं, “त्या बिचाऱ्याची काय चूक गं? खाटेवर कपाट झोपल्यावर त्यानं पाय ठेवायचे कुठे?” फोनमधून पुराचं खिदळणं ओट्याभर सांडलं. दुसऱ्या दिवशी तो विनोद मंडईत होता आणि तिसऱ्या दिवशी मासळीवाल्या पाद्र्यानं तो विसीलाच ऐकवला. तेव्हाही ती पोट धरून हसली.

मे महिन्यात शेवटचा दिवस आला. त्या दिवशी शाळेच्या दालनात कार्यक्रम असतो. पोरं फेब्रुवारीतल्या कार्निव्हलसारखी सोंगं घेतात आणि टवाळीची गाणी म्हणतात. शिक्षकांची, यजमानीणबाईंची, स्वतःची फजिती गातात. कादिसची भाषा आली की नाही याची खरी परीक्षा हीच, असं मास्तर म्हणतात. विसी केस सेट करून पहिल्या रांगेत बसली. शेजारी पुरा, मागं आळीतल्या चार-पाच यजमानीणबाई.

पडद्यामागून एक कपाट चालत आलं.

पुठ्ठ्याचं, तपकिरी रंगवलेलं, दोन दारांचं, दोन मुठी लावलेलं. दारं उघडली आणि आतून मारेननं तोंड बाहेर काढलं. मागच्या रांगेतून एक हसू फुटलं आणि मध्येच अडकलं. गिटार वाजली, आणि ती पोर गायला लागली. ला विन्याच्याच ठसक्यात, शब्द गिळून, शेवट ओढून, दोन्ही हात कमरेवर ठेवून.

“कपाट आलं लांबून, कोपऱ्यात उभं राहिलं,
कपाटाला कान कुठले? सगळं बोलून पाहिलं!
प्रियकर गेला सोडून, त्याची चूक ती काय?
खाटेवरती कपाट झोपलं, तो ठेवील कुठे पाय?”

दालन डोक्यावर घेतलं लोकांनी. मास्तर तर टेबल बडवायला लागले. ही पोर कादिसची झाली, कादिसची! विसीच्या कानांतून वाफा निघाल्या. पुरानं तिची मांडी घट्ट धरली आणि ती पुटपुटली, “अगं, हिला सगळं कळत होतं.” विसीला उठून पळावंसं वाटलं. पण इथे ज्याची टिंगल होते त्यानं सगळ्यांत मोठ्यानं हसायचं असतं. जो रागावला, जो रडला, तो हरला. ती हसली, तिनं टाळ्याही वाजवल्या. लाजेनं तिचं अंग असं जळत होतं की खुर्चीला टेकलेली पाठसुद्धा तिला कुणातरी दुसऱ्याची वाटत होती.

बस तीनला चौकातून सुटणार होती. घरी आल्यावर विसीनं प्रवासासाठी बटाट्याचं ऑम्लेट करायला घेतलं. मारेन खोलीत बॅग भरत होती. आता बोलू, मग बोलू, असं करत विसीनं ऑम्लेट उलटलं, पावात घातलं, चांदीच्या कागदात गुंडाळलं, आणि एक चांगलं झालं नाही म्हणून दुसरंही केलं. शेवटी ती दाराशी गेली.

“मारेन. तुला. कधीपासून...”

“तसं नको ना बोलूस गं विसी,” मारेन म्हणाली. “नेहमीसारखं बोल.”

विसी दाराची चौकट धरून उभी राहिली.

“कार्निव्हलनंतर कळायला लागलं,” मारेन बॅगेची चेन ओढत म्हणाली. “मार्चपर्यंत सगळंच.”

“मग बोलली का नाहीस, बाई? माझं तोंड फोडायचं होतंस!”

“बोलले असते तर तू माझ्यासमोर बोलायची थांबली असतीस. मग माझ्या वाट्याला फक्त ते हळू बोलणं उरलं असतं, परक्यांशी बोलतात ते.” तिनं खांदे उडवले. “घरात कुणीतरी खरं बोलत होतं. मला ते ऐकायचं होतं.”

“आणि आजचं गाणं? सूड उगवलास?”

मारेननं जरा विचार केला. “थोडा,” ती म्हणाली. “बाकी मला वाटलं, तूच शिकवलंस, तुला आवडेल.”

विसीला वाटलं, हिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं. चार महिने ही पोर तिचं उष्टं बोलणं गोळा करत बसली होती, घरपण म्हणून. आणि आपण तिला काय दिलं होतं? विसी ‘माफ कर’ म्हणायला गेली आणि तोंडातून निघालं, “वाटेत खायला दोन आहेत, एक बसमधल्या शेजारणीला दे.” पुढचा रस्ता तिनं बॅग ओढण्यात घालवला, मारेन नको म्हणत असतानाही.

चौकात झुंबड होती. पोरं रडत होती, यजमानीणबाई मुके घेत होत्या, मास्तर नावं वाचत होते. आळीतले अर्धे लोक बघायला जमलेले. पाद्रीसुद्धा एप्रन घालूनच आला होता. मारेन वाकून विसीला बिलगली, पायरी चढली आणि खिडकीशी बसली. तिनं काच सरकवली. ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं.

आता नाही तर कधीच नाही. विसी गर्दी ढकलत खिडकीखाली आली, आणि चौकात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, नेहमीसारखी सुसाट, शब्द गिळत ओरडली, “मारेन, मी नीच बाई आहे! घरी आलेल्या लेकराची मी बाजारात चेष्टा विकली! त्या दिवशी तू आत रडत होतीस आणि मी बाहेर हसत होते. मला माझीच लाज वाटते गं, तोंड कुठे लपवू कळत नाही!”

पाद्री ओरडला, “विसी, लपव की कपाटात!” आणि चौक फुटला. कुणी शिट्टी मारली. मास्तर टाळ्या वाजवत म्हणाले, “वा, सवाल-जवाब! विसीबाईंनी उत्तर दिलं!” पुरा डोळे पुसत हसत होती. यजमानीणबाई एकमेकींच्या खांद्यावर पडत होत्या. विसी कमरेवर हात ठेवून उभी राहायची ती सवयीनं तशीच उभी होती, त्यामुळे तिचे ओघळणारे डोळेही सोंगातलेच वाटले.

एकटी मारेन हसली नाही. तिनं खिडकीतून हात खाली सोडला, पण बस हलली होती, आणि विसीची उंची कमी पडली.