पाठीवरचा बदाम

पोलंडमधल्या रिबनिकमध्ये मे महिन्यात नऊ वर्षांच्या पोरांचं पहिलं कम्युनियन असतं, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा सोहळा. गरीब-श्रीमंत कळू नये म्हणून पोरांना एकसारखे पांढरे झगे घालतात. मग ते कळवायचं कुणी? आयांनी. इस्टर जवळ आला की गावातल्या आया सोलारियममध्ये नंबर लावतात, निळ्या दिव्यांच्या पेटीत कपडे काढून झोपतात आणि चर्चमध्ये अशा रंगाने येतात, जणू काल रात्रीच इजिप्तच्या उन्हात सुट्टी घालवून उतरल्यात. खरंच कोण गेली होती आणि कोण कोपऱ्यावरच्या दुकानात भाजून आली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. विचारत मात्र कुणी नाही.

व्योलेटाला मे महिन्याचं निमित्त लागायचं नाही. ती फरशांच्या दुकानात काउंटरला होती आणि सुटली की वाटेतल्या 'हवाई'त शिरायची. 'हवाई' म्हणजे मार्झेनाचं सोलारियम. आत भिंतीवर नारळाचं झाड रंगवलेलं, बाहेर खिडकीतून कोळशाची मालगाडी.

"तुझी कातडी म्हणजे देणगी आहे गं, व्योला," मार्झेना म्हणायची. "काय रंग धरते. बाकीच्या नुसत्या लाल होतात."

लाल तर व्योलेटाही व्हायची, अगदी शिजवलेल्या बिटासारखी. पण कौतुक करणाऱ्याची चूक कोण काढत बसतं? लग्नाच्या आधी ती पहिल्यांदा त्या पेटीत झोपली होती, त्याला आता वीस वर्षं होत आली.

मार्झेनाकडे बदामाच्या आकाराची स्टिकरं होती, पत्त्यांत असतो तसा बदाम. तो अंगावर चिकटवून झोपायचं, दर खेपेला त्याच जागी. आजूबाजूची कातडी भाजते, खालची पांढरी राहते, म्हणजे रंग किती चढला ते ताडून बघता येतं. बहुतेक जणी कमरेवर लावतात. नव्या वर्षात मार्झेनाने व्योलेटाचा बदाम स्वतःच्या हाताने लावला तो पाठीवर, उजव्या खांद्याच्या खाली. "उघड्या पाठीच्या ड्रेसमध्ये काय उठून दिसेल," ती म्हणाली. त्या जागी बरेच दिवस खाज यायची, ती व्योलेटाने ब्राच्या पट्ट्यावर ढकलली. एकदा-दोनदा बनियनला रक्ताचा ठिपका लागला. तिला वाटलं, नख लागलं असेल.

आता सासूबाई. गेर्त्रूडाबाई त्याच घरात खालच्या मजल्यावर राहायच्या आणि आपल्या सिलेसियातल्या, या कोळशाच्या मुलखातल्या सगळ्या म्हाताऱ्यांसारख्या खिडकीत उशी ठेवून, तिच्यावर कोपरं टेकवून दिवसभर रस्ता बघायच्या. कुणाचा पडदा मळलाय, कुणाची पोरगी कुणाच्या गाडीतून उतरली, काही सुटायचं नाही. आणि दिसलं की बोलल्याशिवाय त्यांना जेवण जायचं नाही. सून घरी आली की खिडकीतूनच सुरुवात.

"काय गं, पुन्हा भट्टीत जाऊन आलीस? अजून किती भाजणार? चाळिशीची बाई आणि मान बघ, जुन्या पाकिटासारखी."

व्योलेटा न थांबता जिना चढायची. ही बाई एक दिवस गप्प बसली तर मी मेणबत्ती लावीन, असं ती नवऱ्याला रोज सांगायची. मिरेक मान हलवायचा आणि टीव्हीचा आवाज वाढवायचा.

मुलाच्या, ऑस्करच्या कम्युनियनला व्योलेटा फिकट गुलाबी ड्रेस घालून गेली. पुढून अगदी सोज्वळ, मागून कमरेपर्यंत उघडा. सासूबाई नेमक्या मागच्या बाकावर. जेवायला बसल्यावर पहिलं सूप वाढून होतंय न होतंय तोच त्यांनी चमचा खाली ठेवला.

"व्योलेटा, तुझ्या पाठीवर ते काय आहे?"

"बदाम आहे, आई. फॅशन असते."

"बदाम दिसला मला. त्यातली बी किडलीय, ती कुणाची फॅशन?"

टेबलावर हशा पिकला. व्योलेटाचे कान तापले. "तीळ आहे तो. लहानपणापासूनचा."

"नाताळात बघितला होता मी. मसुरीएवढा होता, गोल. आता एकीकडेच पसरलाय, कडा उंदराने कुरतडल्यासारख्या झाल्यात. आणि रंग तरी एक आहे का? काळा, तपकिरी, मध्येच निळसर. प्रार्थना सोडून मी तेच बघत होते."

"तुम्ही चर्चमध्ये देवाकडे बघत जा."

"देवाला काही झालेलं नाही," सासूबाई म्हणाल्या आणि बटाट्याचे गोळे वाढून घेतले.

रोज मरे त्याला कोण रडे. ज्या तोंडाने सूप खारट आहे, पडदे वाकडे आहेत आणि नातू आईवर गेलाय हे रोज ऐकवलं, त्याच तोंडाने हेही सांगितलं. व्योलेटाने ते सुपाच्या आणि पडद्यांच्या रांगेत टाकून दिलं. पोराच्या कौतुकाच्या दिवशी चारचौघांत आपल्या पाठीचा विषय काढला, याचाच तिला राग आला. त्या रात्री तिने मिरेकला विचारलं, "माझ्या पाठीवरचा तीळ वाढलाय का रे?"

"कुठला तीळ?" मिरेक म्हणाला. इतकी वर्षं त्या पाठीशेजारी झोपलेला माणूस.

दुसऱ्या दिवशी ती मार्झेनाकडे गेली.

"अगं, रंग चढला की तीळही गडद होणारच," मार्झेना टॉवेलांच्या घड्या घालत म्हणाली. "म्हणजे दिवे चांगले लागतायत. म्हातारीला जळायला काहीतरी हवं."

"बघ तरी एकदा."

"बघितलाय गं मी. सुंदर आहे. झोप जा, तीन नंबर रिकामी आहे."

व्योलेटा तीन नंबरमध्ये जाऊन झोपली आणि तिला बरं वाटलं.

पण सासूबाईंनी पिच्छा सोडला नाही. खिडकीखालून जाताना रोज एकच प्रश्न, तोही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "दाखवलास का गं तीळ? नाही? बरं, शवपेटीसाठी रंग छान आहे." शेवटी व्योलेटा डॉक्टरकडे गेली ती म्हातारीचं थोबाड बंद करायला. काही नाही असं डॉक्टरच्या तोंडून ऐकायचं आणि ते जन्मभर सासूला ऐकवायचं, एवढाच बेत होता.

त्वचेची डॉक्टर तरुण होती आणि दुधासारखी पांढरी. हिला सुट्टी मिळत नसेल बिचारीला, असं व्योलेटाला वाटलं. डॉक्टरने भिंग लावून तीळ तपासला.

"हा बदाम कशाचा?"

"सोलारियमचा."

"किती वर्षं जाताय?"

"लग्नापासून."

डॉक्टरने तिला आरशासमोर उभं केलं, दुसरा आरसा मागे धरला. पांढऱ्याफेक बदामाच्या मधोमध तो काळा डाग व्योलेटाने पहिल्यांदा नीट पाहिला. नजर हटवावीशी वाटली, पण हटेना.

"मधून रेघ मारली तर दोन्ही अर्धे सारखे दिसतील का?" डॉक्टर म्हणाली. "नाही. कडा फाटलेली आहे. रंग तीन-चार आहेत. पेन्सिलीच्या मागच्या टोकापेक्षा मोठा झालाय. आणि काही महिन्यांत बदललाय. खाज? रक्त?"

"दोन्ही," व्योलेटा हळूच म्हणाली.

"यातलं एक जरी दिसलं तरी माणसाने यायला हवं. तुमच्याकडे सगळंच आहे."

"पण त्याच्यावर स्टिकर होतं. तिथे उजेड लागतच नव्हता."

"स्टिकर कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"आणि त्याआधीची वर्षं?"

डॉक्टर म्हणाली, हा मेलानोमा वाटतोय, त्वचेचा कॅन्सर, लगेच काढून तपासायला पाठवू. व्योलेटा गाडीत येऊन बसली आणि ढसाढसा रडली. ऑस्कर नऊ वर्षांचा होता, त्याचे बूटसुद्धा अजून तिलाच बांधावे लागायचे.

डाग काढला. कॅन्सरच निघाला. मग भोवतीचं आणखी मांस काढलं, आणि बदामाच्या जागी चांगली लांबलचक शिवण आली. "वरवर होता," डॉक्टर म्हणाली. "वेळेत आलात. अजून काही महिने काढले असतेत तर मी वेगळं बोलले असते. आता त्या पेटीत पाय ठेवायचा नाही. दर महिन्याला सगळं अंग तपासायचं, तळवे आणि केसांच्या मुळांसकट. पाठ घरातल्या कुणाकडून तरी."

टाके निघाल्यावर व्योलेटा 'हवाई'त गेली. मार्झेनाने गळ्यात पडून आधी रडून घेतलं.

"तुला दिसला होता का गं तो?" व्योलेटाने विचारलं.

"दिसला होता की. पानगळीतच. वाढतोय, ते पण दिसत होतं. म्हणून तर बदाम त्याच्यावर लावला, वाईट दिसायचं ते."

"आणि मला बोलली नाहीस?"

"अगं, तू तिथे उघडी पडलेली. अशा वेळी माणसाच्या अंगाला नाव ठेवतात का? तुझं मन दुखलं असतं."

ती अगदी मनापासून बोलत होती, हेच जास्त भयंकर होतं. केसाने गळा कापणाऱ्याला निदान आपण काय करतोय ते माहीत असतं. व्योलेटा बाहेर पडली. बाहेर खुर्चीत एक नवरी मुलगी आपल्या नंबराची वाट बघत होती. व्योलेटाने ब्लाउज खाली ओढून तिला पाठ दाखवली. मुलीने शिवण बघितली, जरा विचार केला आणि विचारलं, "लग्नाच्या फोटोत हे पावडरने झाकता येतं का हो?"

पाठ तपासायचं काम मिरेकला जमेना. त्याला सगळेच तीळ सारखे दिसायचे. मग ते सासूबाईंकडे गेलं, आणि त्यांना जणू पेन्शन वाढवून मिळाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चहून आलं की, खिडकीजवळच्या उजेडात व्योलेटाला स्टुलावर बसवायचं, चष्मा लावायचा आणि सुरू.

"हा कॉफी सांडल्यासारखा, तसाच आहे. हा डावीकडचा, तसाच. कमरेवर चरबी वाढलीय, ती डॉक्टरला दाखवू नको, माझीच लाज जाईल. ही शिवण कुणी घातली? मी पोतंसुद्धा याहून नीट शिवते."

"तुमचं झालं असेल तर मी उठू का, आई?"

"बस. घाई कसली? इतकी वर्षं त्या पेटीत पडून राहताना नव्हती घाई."

व्योलेटाही तोंडास तोंड द्यायची, पण खरं सांगायचं तर तिला आता ती बडबड हवीहवीशी वाटायला लागली होती. म्हातारी नावं ठेवतेय तोवर सगळं ठीक आहे. पहिल्या रविवारच्या आदल्या रात्री तिला झोप यायची नाही आणि सासूबाईंचं तोंड सुटलं की जीव भांड्यात पडायचा.

असे काही महिने गेले. डिसेंबरचा पहिला रविवार होता, बाहेर बर्फ भुरभुरत होता. सासूबाईंनी कंबर झाली, शिवण झाली, खांदे झाले. "मान ठीक. जरा धूत जा." मग त्यांनी केस वर उचलले आणि बोट कानामागे, केसांच्या मुळाशी येऊन थांबलं.

बोट तिथून हललं नाही. तोंडही हललं नाही.

"काय झालं, आई?"

सासूबाईंनी चष्मा काढला, एप्रनच्या टोकाने पुसला आणि परत लावला.

"आई, बोला ना काहीतरी. शिव्या द्या वाटलं तर."

सासूबाईंनी केस सोडले, हाताने नीट बसवले. मग ब्लाउज तिच्या खांद्यांवर चढवला आणि स्वतःच बटणं लावायला लागल्या.

"थंडी वाजेल, बाळा," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मी येते तुझ्याबरोबर."