बेटावर उशिरा उभी राहिलेली तार

मी एक लांबलचक तांब्याची तार बोलतेय. हॅम रेडिओच्या हौशी मंडळींची अँटेना. भर दिवसा माझा फारसा उपयोग नाही. पण सूर्य मावळू लागला की खालच्या बँडवरचे, म्हणजे लांब लहरींवरचे, क्षीण संदेश मी हजारो मैलांवरून ओढून आणते.

मला काकांनी घडवलं. टेलिफोनच्या तारा जोडण्यात उभा जन्म गेलेला माणूस. जगातली बहुतेक बेटं त्यांनी रेडिओवर गाठली होती, म्हणजे तिथून बोलणाऱ्याशी दोन्हीकडून संदेश जुळवून वहीत नोंदवली होती; एक निर्जन बेट तेवढं राहिलं होतं. तिथे हौशी मंडळींचं पथक निघालं आणि त्यात त्यांची पुतणी होती. माझं वेटोळं तिच्या हाती देत ते म्हणाले, "पोरी, पोचल्या पोचल्या हिला उभी कर. मी घरून हाक देतो."

पण पथकाचा म्होरक्या आकड्यांचा भुकेला. पुतणीने विषय काढला की म्हणायचा, "अगं, वरच्या बँडवर झुंबड उडालीय. तुझ्या तारेवर संध्याकाळभरात चार टाळकी भेटतील. बघू नंतर!" ती पुन्हा वरच्या बँडवरच्या गर्दीला उत्तरं द्यायला लागायची. हवा स्वच्छ, आभाळात विजेचा मागमूस नाही, आणि मी आपली पोत्यात.

शेवटच्या संध्याकाळी म्होरक्याने एकदाचा होकार दिला आणि मला उंच काठीवर चढवलं, तर क्षितिजावर वादळ उठलेलं. माझ्या अंगात नुसता खरखराट. त्यातून मोर्सचे ठोके आले. पुतणी ताडकन सरळ बसली. "काका! ठोके द्यायचा हा हात त्यांचाच!"

रेडिओवर नावाऐवजी द्यायच्या त्यांच्या ओळख-अक्षरांपैकी अर्धीच कळली. तिने परत परत उत्तर दिलं. पलीकडून तोच तुकडा येत राहिला. तिचं उत्तर त्यांना पोचतच नव्हतं. मग विजांनी तोही गिळला.

म्होरक्या ओशाळला. "टाक वहीत नोंद, गाठ पडली म्हणून. तेच होते ना?"

"मला ते ऐकू आले, त्यांना मी नाही. टाळी एका हाताने वाजत नाही," असं म्हणून तिने हेडफोन काढून ठेवले.

घरी आल्यावर तिने सगळं सांगितलं. काका बराच वेळ मला उलगडत, गुंडाळत राहिले. "नोंद केली असतीस तर मीच खोडायला लावली असती," ते म्हणाले. "पण पहिल्याच दिवशी भांडायचं होतंस गं."

आता पक्ष्यांच्या वस्तीसाठी त्या बेटावर माणसांना बंदी आहे, आणि काकांचे कान गेलेत. मी खुंटीवर आहे, धडधाकट. बेटांवर निघणाऱ्यांनो, वरच्या बँडवरची गर्दी उद्याही भेटेल; आमची मावळतीची वेळ मात्र घटकाभराची असते. माझ्यासारखीला आधी उभी करा.

पुतणी अधूनमधून काकांजवळ बसते. रेडिओवर जे ऐकू येतं ते त्यांच्या तळहातावर बोटाने मोर्समध्ये टकटक करून सांगते. त्या बेटाची ओळख-अक्षरं तेवढी तिच्या बोटांनी कधी वाजवली नाहीत.