शेवटच्या सहीचा मान

दयाराम गेल्यावर मायाला काय मिळणार, याचा हिशेब आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, शेजाऱ्यांनी केव्हाच करून ठेवला होता. घर भावाच्या नावावर. रेल्वेची पेन्शन बापासोबतच बंद. उरलं काय, तर सहा वर्षं बापाचं केलं एवढं नाव. आणि मायाला नेमकं तेच हवं होतं, तेही एकटीला.

दयारामची फुप्फुसं कामातून गेली होती. परदेशात म्हणे अशा माणसाला डॉक्टरच औषध देऊन मोकळं करतात. आपल्याकडे ते नाही. पण शुद्धीत असताना कागद करून ठेवता येतो, की मला मशीनवर ठेवू नका, आणि माझी शुद्ध हरपली तर अमक्याला विचारा. नोटरीकडे नेण्याआधी दयारामनं तो कागद घरात वाचून दाखवला. अमका म्हणजे इंद्रजीत. मायाचा धाकटा भाऊ, शहरातच पण वेगळा, शंकर नगरात राहणारा, चौदा एप्रिलला आणि आंब्याच्या दिवसांत दर्शन देणारा.

माया ताट वाढता वाढता थांबली. "बाबा, माह्यं नाव काहून नाही?"

"तो सही करन अन् घरी जाऊन जेवन. तुह्यानं नाही होनार, पोरी."

"त्याच्या लग्नाच्या पत्रिकेतबी माह्यं नाव खालीच होतं. थुंकीचं भांडं मी धुऊन राहिली, अन् मान त्याले?"

"मान नोहे हा. काम आहे."

पण आपल्या लोकांत छापील कागदावर नाव चढलं की तो मानच. तीन दिवस माया वाढायची, बोलायची नाही. शेवटी बापानं हात टेकले. इंद्रजीतचं नाव निघालं, मायाचं चढलं. कायद्याला दोन्ही नावं चालली असती. मायाला चालली नसती.

इंद्रजीत फोनवर म्हणाला, "ठीक है दीदी, आप ही देख लो." इतक्या सहज सुटला म्हणून तिला त्याचा पुन्हा हेवा वाटला.

जानेवारीत एका दुपारी दयारामचा श्वास अडकला. घाबरून मायानं अँब्युलन्स बोलावली, कागद घरीच राहिला आणि दवाखान्यात घशात नळी घालून त्याला मशीनवर ठेवलं गेलं. दुसऱ्या दिवशी अशा निर्णयासाठी कायद्यानं लागणाऱ्या डॉक्टरांच्या दोन्ही मंडळांनी कागद पाहिला, पेशंट पाहिला आणि सांगितलं, आता हे परत येणार नाहीत. मशीन काढायला तुमची संमती द्या. मायानं पेन उचललंसुद्धा. तेवढ्यात इंद्रजीत बोलला, "दीदी, साइन कर दो. बाबा यही चाहते थे."

झालं! बाबांना काय हवं होतं ते आता हा सांगणार? पेन खाली.

"तुले घाई असन तर जा घरी. मी पाहीन."

आता सही केली तर ती इंद्रजीतच्या सांगण्यावरून झाली असं होईल, म्हणून ती करेना. इंद्रजीतनं बोलणं सोडलं. मग त्याचं समजूतदार गप्प बसणंही तिला खुपायला लागलं. सहाव्या दिवशी तो ऑफिसला गेलेला पाहून तिनं सही केली. अर्ध्या तासात दयाराम सुटला.

दवाखान्याचं बिल इंद्रजीतनं भरलं, त्याचं नाव झालं. बापाचं मशीन पोरीनं बंद केलं, अशी कुजबुज मायाच्या वाट्याला आली. दोघंही तशी स्वस्तात सुटली. घशात नळी, हात खाटेला बांधलेले, असे जादाचे चार दिवस भरले ते दयारामनं.