सब्ज रस्ता

पाणंदीच्या दोन्ही अंगांना चुना फासलेले दगड ओळीनं मांडलेले दिसले, की मल्लिनाथला किळस यायची. रानात राबणाऱ्या बाईला धरून तिच्या तोंडाला पावडर थापावी, तशी ती पाणंद दिसत होती. चुना लावणं म्हणजे काय ते रयतेला सांगायला नको. इथं तो खरोखरीचा लावला होता, कुंचल्यानं, आणि तोही त्याच रयतेला बेगारीवर धरून. पण त्याला सगळ्यांत जास्त किळस यायची ती स्वतःची. कारण ही पाणंद कचेरीच्या बड्या साहेबांच्या नजरेला पडली ती त्याच्याच बढाईपायी.

मल्लिनाथ धाराशिवात एका कचेरीत कारकून होता. उर्दू चांगली, अक्षर त्याहून चांगलं, पण नोकरी अजून हंगामी. त्याचं गाव दोन कोसांवर. गावाहून शहराला यायला खडीची सडक होती, पण तिच्यावर सायकल घालणं म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं. म्हणून तो मधल्या पाणंदीनं यायचा. पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या जाऊन जाऊन तिची माती मऊ पिठासारखी झालेली. दोन्हीकडं लिंब, मधे दोन जुन्या चिंचा, बांधाला बोरीच्या जाळ्या. चाकोरीच्या मधल्या पट्टीवरून सायकल अशी सुळकन जायची, की पायाला कष्ट म्हणून नाहीत. जानेवारीत जाता जाता हात लांबवला तर बोरं मिळायची. आयुष्यात मल्लिनाथला फुकटचं सुख एवढंच होतं.

मागल्या उन्हाळ्यात पेशकारांनी विचारलं की बाकीचे कारकून घामानं निथळत येतात आणि तूच कसा कोरडा येतोस? मल्लिनाथ चढला हरभऱ्याच्या झाडावर. पाणंदीचं वर्णन त्यानं असं रंगवून केलं, की ऐकणाऱ्याला वाटावं निजाम सरकारनं खास याच्यासाठी बाग लावून दिली आहे. पेशकार म्हणजे साहेबांपुढं कागद ठेवणारा माणूस, साहेबांचा कान. दुपारच्या आत ते वर्णन साहेबांपर्यंत पोचलं.

साहेबांना तेव्हा असंच काहीतरी हवं होतं. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, मोटार नुसती उभी. पोट पुढं आलेलं. डॉक्टरनं सायकल सांगितलेली. हैदराबादेत तलावाच्या काठानं बडे लोक सकाळी सायकलीवर हवा खातात हे ते पाहून आले होते. आपल्याकडंही असा एक ‘सब्ज रास्ता’ हवा, असं त्यांनी फर्मावलं. सब्ज म्हणजे हिरवा.

सुगीच्या तोंडावर त्या हिरव्या रस्त्याचं काम सुरू झालं, आणि पहिली कुऱ्हाड पडली ती झाडांवरच. बोरीचे काटे टायरात जातील म्हणून बोरी गेल्या. चिंचांवरचे पक्षी साहेबांच्या शेरवानीवर घाण करतील म्हणून चिंचा गेल्या. लिंब एका ओळीत नव्हते, एवढाच त्यांचा गुन्हा, तेही गेले. आसपासच्या गावांतली चाळीस माणसं आठ दिवस बेगारीला जुंपली. पेशकार पान चघळत उभे राहायचे आणि पाडलेल्या खोडांवर पिचकाऱ्या टाकायचे. आणि सगळं बोडकं झाल्यावर रस्ता हिरवा दिसावा म्हणून साहेबांच्या बंगल्यातून रंगीत पानांच्या झाडांच्या कुंड्या आणून मांडल्या. त्या कुंड्यांना पाणी घालायला पुन्हा बेगार. अकलेचं दिवाळं निघतं म्हणजे काय, ते ज्याला बघायचं होतं त्यानं त्या पंधरवड्यात पाणंदीवर यावं.

हुकूम निघाला तो उर्दूत. पाणंद सब्ज रस्ता म्हणून ठरवण्यात आली आहे. सकाळी दिवस उगवल्यापासून घटका-दोन घटका साहेब सायकल फिरवतील, तेवढ्या वेळात गाड्या-गुरं आणू नयेत. बाकी दिवसभर रस्ता मोकळा. हुकूम वाचून दवंडीवाल्या गोरोबाला समजावून सांगायचं काम मल्लिनाथकडं आलं. सरळ मराठीत सांगायचं ना! पण झाडं तोडून बसलेल्या लोकांना ‘हिरवा रस्ता’ म्हणून सांगायचं, हे त्याच्या जिभेवर येईना. लाज वाटली. त्यानं तो उर्दू शब्दच तसाच पुढं ढकलला आणि वेळेचं घाईत उरकून गोरोबाला वाटेला लावलं.

गोरोबाच्या उभ्या जन्मात ‘सब्ज’ हा शब्द ऐकण्यात आला नव्हता. ‘जब्त’ मात्र रोजचा. त्या साली लेव्हीची, म्हणजे सरकारला सक्तीनं द्यायची, ज्वारी घालताना गावोगाव तोच शब्द कानावर पडत होता. अमक्याचं धान्य जब्त, तमक्याची गाडी बैलांसकट जब्त. तेव्हा त्यानं हलगीवर टिपरी मारून गावात सांगितलं, की पाणंद जब्त झाली हो, सकाळचं साहेब फिरणार हायती, कुनी आडवं येऊ नगा.

कुणी काही विचारलं नाही. जब्तीला का म्हणून कोण विचारतं? दुसऱ्या दिवसापासून पाणंदीवर काळं कुत्रं फिरकेना.

मल्लिनाथला हे कळलं चार दिवसांनी, कारण दवंडीच्या वेळी तो कचेरीत होता. सुगी ऐन भरात होती. संध्याकाळी तो परत निघाला, तर पाणंदीच्या खालच्या अंगाच्या ओढ्यातून एक म्हातारी डोक्यावर पाटी घेऊन येताना दिसली. गुडघ्याएवढ्या दगडगोट्यांतून वाट काढत, एक हात पाटीला, एक हात लुगड्याच्या ओच्याला. जवळ आल्यावर त्यानं ओळखलं. ती त्याची मामी होती, गौराबाई. आई गेल्यावर याला वाढवलं तिनंच. मामाच्या माघारी तीच शेत करायची, गाडीसुद्धा स्वतः हाकायची. शेत पाणंदीच्या पार टोकाला आणि खळं गावाजवळ. गाडीनं दोन खेपांत येणारी कणसं ती पाटी-पाटीनं ओढ्यातून वाहत होती. तळपायाला चिरा पडलेल्या. वर आभाळ दोन दिवसांपासून कुंद झालेलं, गारा पडायची लक्षणं. शेतात उघड्यावर पडलेल्या कणसांवर एकदा गार पडली, की वर्षाची भाकरी काळी पडणार.

तिनंच त्याला सांगितलं की पाणंद जब्त झाली, दवंडी पिटली. बैल न्यायची छाती होत नाही. सब्जचं जब्त झालं, हे मल्लिनाथच्या तिथंच ध्यानात आलं. चूक गोरोबाच्या कानाची खरी, पण तो कान बिघडवला होता याच्या जिभेनं. मामीला त्यानं तेव्हा काही सांगितलं नाही. उद्या पेशकारांना गाठून दुसरी दवंडी देववतो, मग आपोआपच कळेल, असं त्यानं मनाशी ठरवलं. चूक आपली होती हे तिच्यासमोर कबूल करायला नको, हे त्यातलं खरं कारण.

पेशकारांनी ऐकून घेतलं आणि हसत हसत पानाची पिंक टाकली. म्हणाले, साहेब खूश आहेत. सकाळी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दिवसभर शेणाचा पो पडत नाही, चाकोऱ्या उमटत नाहीत. रयत समजूतदार आहे म्हणून वर कळवलंसुद्धा. आता दुसरी दवंडी देऊन तो शेणाचा सडा परत कशाला आणायचा? आणि मल्लिनाथची कायमची नेमणूक साहेबांच्या सहीला ठेवली आहे, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. मल्लिनाथ ‘जी’ म्हणाला. तो शब्द तोंडातून निघाला आणि जिभेवर नासक्या दुधाची चव राहिली.

दोन दिवसांनी साहेबांनी त्याला सकाळी बरोबर बोलावलं. वाटेची माहिती असलेला माणूस पुढं हवा, म्हणून. पुढं मल्लिनाथ, मधे साहेब, मागं पेशकार भाड्याच्या सायकलीवर लटपटत. ढग पश्चिमेला साठले होते, पण दिवस वर आला तसं ऊन पाठीवर बसू लागलं. सावलीचं नाव नाही. साहेबांच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि पेशकार मागून हवेची तारीफ करत होते. क्या ठंडक है हुजूर, असं ते धापा टाकत म्हणत होते. मल्लिनाथला वाटलं, सायकल खाली टाकावी आणि बांधाला जाऊन भडाभडा ओकावं.

पाणंद निम्मी सरते तिथं, ओढ्याच्या उतारालगत, गौराबाई पाटी खाली ठेवून दम खात बसली होती. साहेबांना बघून ती गडबडीनं उठली आणि पदर सावरून कडेला सरकली, थेट ओढ्याच्या बाजूला, चुन्याच्या दगडांपलीकडं. साहेब थांबले. माणूस तसा दुष्ट नव्हता. एवढी चांगली वाट सोडून ही म्हातारी खड्ड्यातून का चालते, असं त्यांनी मल्लिनाथला विचारायला सांगितलं.

मल्लिनाथनं विचारलं. गौराबाईनं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग साहेबांकडं. पुढचे दात पडलेले, त्यातून धाप लागलेली.

“रस्ता जब्त हाय न्हवं,” ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. “सब्ज है!” ते म्हणाले. “सुना पेशकार साहब? बुढिया भी कहती है, सब्ज है!”

पेशकारांनी टाळी वाजवली. साहेबांना भरून आलं. बिचारी रस्ता खराब होईल म्हणून खालून जाते, असा अर्थ त्यांनी लावला, आणि खात्रीसाठी मल्लिनाथकडं वळून विचारलं, “यही कह रही है ना?”

त्या जागी दोन्ही भाषा कळणारे दोघंच होते. पेशकार त्याच्याकडं रोखून बघत होते, आणि गौराबाई भाच्याच्या तोंडाकडं. हा आता साहेबाला नीट समजावून सांगेल, शिकलेला आहे, असा भरवसा तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होता. एक वाक्य पुरलं असतं. संध्याकाळच्या आत तिची कणसं खळ्यावर आली असती.

“जी हुजूर,” मल्लिनाथ म्हणाला. “सब्ज कहती है.”

साहेबांनी खुशीत जवळची एक कुंडी तिला बक्षीस देववली. पेशकारांनी ती उचलून तिच्या पुढ्यात ठेवली, आणि दोघं पुढं निघाले.

मल्लिनाथ मागं रेंगाळला. गौराबाई त्या कुंडीकडं बघत होती.

“आता ह्येला पानी म्या घालायचं व्हय?” तिनं विचारलं.

मग मल्लिनाथचा धीर सुटला. घाईघाईनं, खालच्या आवाजात त्यानं सगळं सांगून टाकलं. पाणंद जब्त झालेलीच नाही. शब्द सब्ज होता, सब्ज म्हणजे हिरवा. गोरोबानं चुकीचं ऐकलं. साहेब गेले की दिवसभर रस्ता मोकळा आहे. “आभाळ भरलंय मामी. आत्ताच्या आत्ता गाडी जुंपा,” तो म्हणाला.

गौराबाईनं बोडक्या बांधांवरून नजर फिरवली. लिंबांचे बुंधे अजून ओले होते.

“हिरवा?” ती म्हणाली. “हिरवा तर व्हताच की.”

ती पुढं म्हणाली, “आन्‌ ह्ये आत्ता साहेबाला का न्हाय सांगितलंस? म्या बोलले त्येचं तू तिकडं काय सांगितलंस, त्ये मला कळलं न्हाय. पर तू मान खाली घातलीस त्ये दिसलं मला.”

“नोकरीचं हाय, मामी.”

“आसंल. पर त्या तोंडाच्या भरवशावर म्या बैल कसं आनू? उद्या बैल धरून न्हेलं, तर तवाबी तू जी हुजूरच म्हनशील.”

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसला असता. बाजारात फुटकं मडकं वाजवून बघावं आणि परत ठेवावं, तसं तिनं त्याला ठेवून दिलं होतं. पश्चिमेकडं आभाळ गडगडलं. तिनं चुंबळ डोक्यावर नीट बसवली आणि पाटीला हात घातला. उचलू लागायला मल्लिनाथ पुढं झाला, तर तिनं कोपरानं त्याचा हात बाजूला सारला, पाटी एकटीनं डोक्यावर चढवली आणि ती ओढ्यात उतरली.